नऊवारी नेसवून झाली, आता पुढे काय?

वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं

गेल्या अंकात मी सहज लिहून गेले होते की शाळेत थोर स्त्रियांवर बोलायचं म्हटलं की आपली गाडी तीन-चार नावांवरच येऊन थांबते, तर त्यावर एवढी पत्रं आणि मेसेज आलेत की या महिन्याचा अख्खा कॉलम त्यालाच देतेय. सगळी घेणं शक्य नाही, पाच घेतलीत. नावं नेहमीसारखी गाळलीत.

प्रश्न: बाई, मी बुलढाणा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी ते आठवीला मराठी आणि इतिहास शिकवते. ३ जानेवारीला सावित्रीबाई, १२ ला जिजाऊ, मग ८ मार्च. दरवर्षी त्याच पाच मुली पाठ केलेली भाषणं म्हणतात, एक सावित्री होते एक जिजाऊ होते, नऊवारी नेसवायची, फोटो ग्रुपवर टाकायचे की झालं. मुलगे मागे बसून एकमेकांना चिमटे काढतात. मलाच कंटाळा आलाय, वेगळं काय करू? आमच्याकडचं काही असेल तर सांगा.

उत्तर: बुलढाण्यात राहून मला विचारताय, म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा झाला हो! ताराबाई शिंदे तुमच्याच गावच्या. वडील बापूजी हरी शिंदे डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क, सत्यशोधक विचारांचे, त्यांनी लेकीला घरीच शिकवलं. आणि या लेकीने १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' नावाचं पुस्तक लिहून पुण्यात छापून घेतलं, तेव्हा तिशी नुकती ओलांडली होती.

झालं असं होतं की १८८१ मध्ये सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण विधवेवर स्वतःच्या तान्ह्या बाळाला मारल्याचा खटला झाला, फाशी सुनावली गेली, नंतर अपिलात शिक्षा कमी झाली. पण तोवर पेपरवाल्यांना निमित्त मिळालं, एका बाईच्या नावाने सगळ्या बायकांच्या वागण्यावर चिखलफेक सुरू झाली. ताराबाई भडकल्या. त्यांचं म्हणणं साधं होतं, की जे जे दुर्गुण तुम्ही बायकांच्या माथी मारता ते पुरुषांमध्ये नाहीत का, एकेक काढून बघू या, आणि विधवेला दुसरं लग्न करू द्यायचं नाही आणि मग ती चुकली की दगड घेऊन उभं राहायचं हे कुठलं न्यायाचं बोलणं. भाषा अशी की आजही वाचताना आपण सरसावून बसतो, मधेच हसायला येतं, कारण बाई टोमणे मारण्यात पटाईत होती.

आता आठवीच्या वर्गात हे कसं न्यायचं. खटल्याच्या तपशिलात शिरू नका, एका विधवेला मोठी शिक्षा झाली आणि पेपरांनी सगळ्याच बायकांना नावं ठेवली एवढं पुरे. त्याऐवजी आदल्या दिवशी मुलांना सांगा की घरात, गावात बायकांबद्दल जे जे बोललं जातं, म्हणी, टोमणे, गाडीच्या मागे लिहिलेलं, ते वहीत लिहून आणा. दुसऱ्या दिवशी फळ्यावर सगळं मांडायचं आणि एकेक तपासायचं, हे फक्त बायकाच करतात का? मी हे केलंय. बायकांच्या पोटात गोष्ट राहत नाही असं एकाने आणलं, आणि त्याच्याच शेजारचा पोरगा म्हणाला, बाई, आमचे आबा तर पारावर बसून अख्ख्या घरादाराचं सांगतात. वर्ग हसून हसून लोळला. मग म्हटलं, तुम्ही आत्ता जे केलंत ना, ते एका बाईने १८८२ मध्ये केलंय, पुस्तक लिहून. त्यानंतर पुस्तकातला उतारा वाचला तर मागचे चिमटेवालेसुद्धा ऐकत होते.

आणि एक प्रश्न विचारायला विसरू नका. या पुस्तकावर तेव्हा बरीच टीका झाली, जोतिराव फुल्यांनी 'सत्सार' या आपल्या पुस्तिकेत ताराबाईंची बाजू घेतली, पण त्यांचं दुसरं पुस्तक काही आलं नाही. पुढे अभ्यासक स. गं. मालशे यांनी हे पुस्तक पुन्हा छापलं ते थेट १९७५ साली. मधली ९०-९२ वर्षं ते कुठे होतं? कुणी लपवलं, की कुणी विचारलंच नाही? मुलं यावर फार छान वाद घालतात, माझ्यापेक्षा चांगला.

सहावी-सातवीसाठी मात्र मुक्ताबाई घ्या. फुल्यांच्या शाळेत शिकणारी मांग समाजातली चौदा वर्षांची मुलगी. हिने १८५५ मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय' या मिशनऱ्यांच्या नियतकालिकात छापून आला. वेद जर आमच्यासाठी नाहीत तर मग आमचा धर्म कोणता असं ती विचारते, आणि आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा डोक्यावर धड छप्पर नसतं, थंडीपावसात त्यांचे काय हाल होतात, हेही लिहिते. चौदा वर्षांची! आपली पोरं 'माझा आवडता प्राणी' लिहितात त्या वयात. मोठ्याने वाचायला सोपा आहे, थोडी जुनी भाषा आहे तेवढी सांभाळून घ्या. आणि वाचायला मुलग्याला उभं करा. बायकांवरचं भाषण मुलींनीच करायचं हा नियम कुणी काढला देव जाणे.

जिजाऊ सोडा असं नाही म्हणत मी, सिंदखेडराजा तुमच्या जिल्ह्यात आणि जिजाऊ सोडायच्या कशा. पण पाळण्याशेजारी बसून गोष्टी सांगणारी आई याच्यापुढे आपण जातच नाही ना. १६६६ मध्ये महाराज आग्र्याला गेले, शंभूराजे सोबत, तिकडे कैदेत पडले. तेव्हा इकडे राज्य कोण बघत होतं? कारभाराची जबाबदारी जिजाऊंवर होती, वय साठीच्या पुढे, मुलगा आणि नातू दोघे शत्रूच्या तावडीत, आणि किल्ले, सैन्य, वसूल सगळं चालू ठेवायचंय. एवढं एक चित्र नीट उभं केलंत तर भाषणाची गरज नाही.

प्रश्न: मी बीड जिल्ह्यातल्या एका वस्तीशाळेवर आहे. स्थानिक इतिहासातल्या कर्तबगार महिलांवर उपक्रम घ्यायचा म्हणतात, पण आमच्या गावात कोणी थोर बाई झालेलीच नाही हो. ना राणी, ना संत, ना स्वातंत्र्यसैनिक. कुठून आणू?

उत्तर: सर, तुमच्या गावात किंवा जवळपास एखादा पाझर तलाव असेल ना? १९७२ च्या दुष्काळातला? तो कुणी खणला? टोपल्या कुणी वाहिल्या, खडी कुणी फोडली? तेव्हा विशी-पंचविशीत असलेल्या बाया आज सत्तरी ओलांडून गेल्यात, काही अजून तुमच्या गावात ओट्यावर बसलेल्या असतील. थोर म्हणजे पुतळा असलेली हे डोक्यातून काढलंत की गाव रिकामं वाटणार नाही.

मुलांना पाठवा, पण प्रश्न देऊन पाठवा. 'तुमच्या आयुष्यातला अविस्मरणीय प्रसंग सांगा' असलं विचारलं तर आजी म्हणते काय सांगू बाबा, गेलं सगळं, आणि चहा ठेवते. त्यापेक्षा असं विचारायचं, की कामावर किती चालत जायच्या, मजुरी काय मिळायची, गड्याला आणि बाईला सारखी होती का, हजेरी कोण मांडायचं, तान्हं लेकरू कुठे ठेवायच्या, मिलोची भाकरी कशी लागायची. मिलो म्हटलं ना की आजी सुरू होतात, ती परदेशातून आलेली लाल ज्वारी कुणीच विसरलेलं नाही, आणि सुकडीसुद्धा. मग थांबवायलाच लागतं. मोबाइलवर रेकॉर्ड करा पण आधी आजीला विचारून, आणि वर्गात पहिल्यांदा ऐकवाल तेव्हा आजीलाच बोलवा, खुर्चीत बसवा, पाहुण्यांना देतो तसा नारळ-टॉवेल द्या.

हे काही मी मनाचं सांगत नाहीये. आंबेडकरी चळवळीतल्या बायकांचा इतिहास कुठे लिहिलेलाच नव्हता, तर ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोघींनी त्या बायकांना शोधून, भेटून, बोलतं करून 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक १९८९ मध्ये काढलं. त्यात कळतं की नागपूरला चोखामेळ्यांच्या नावाने मुलींची शाळा काढणाऱ्या जाईबाई चौधरी आधी हमालीचं काम करायच्या. जुलै १९४२ मध्ये नागपुरात दलित महिलांची परिषद भरली होती, सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या, खुद्द बाबासाहेब हजर होते. किती जणांना माहीत होतं? हातात पुस्तक मिळेपर्यंत मलाही नव्हतं, कबूल करते.

दुसरं काम अजून सोपं आहे आणि त्याला शाळेबाहेर जायला लागत नाही. तुमच्या शाळेचं किंवा केंद्रातल्या सगळ्यात जुन्या शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर काढा. पहिल्या मुलीचं नाव कोणत्या साली आलंय बघा. मग दर दहा वर्षांनी मुलगे किती, मुली किती, मुलींनी शाळा कोणत्या इयत्तेत सोडली, शाळा सोडल्याचं कारण काय लिहिलंय. मुलांना आलेख काढायला लावा, गणिताच्या सरांना पण कामाला लावा. कुठल्या साली मुली एकदम वाढल्या? का? बस सुरू झाली, वरचा वर्ग आला, की बाई शिक्षक आल्या? हे गावात विचारून शोधायचं. फक्त रजिस्टरचे फोटो काढून मुलांच्या हातात देऊ नका, त्यात जात असते, जन्मतारीख असते, शाळा सोडायचं कारण कधी कधी फार खाजगी असतं. तुम्ही स्वतः आकडे काढून द्या, नावं नकोत. पहिल्या मुलीच्या घरच्यांना भेटून, त्यांनी हो म्हटलं तरच तिचं नाव फळ्यावर. एका शाळेत असं केलं तेव्हा ती पहिली मुलगी म्हणजे वर्गातल्याच एका पोराची पणजी निघाली. त्या पोराची कॉलर आठवडाभर ताठ होती.

प्रश्न: ताई, आम्ही न्यू जर्सीत राहतो, रविवारच्या मराठी शाळेत मी स्वयंसेवक म्हणून शिकवते. इथली मुलं सावित्रीबाई-जिजाऊ ऐकतात पण त्यांना ते दूरचं वाटतं. त्यांना जवळचं वाटेल असं कोण?

उत्तर: अगं, तू ज्या राज्यात राहतेस तिथेच आनंदीबाई जोशी येऊन राहिल्या होत्या! रोझेल गावात मिसेस कार्पेंटर यांच्याकडे. गोष्ट पण सिनेमासारखी आहे. गोपाळराव जोशी पोस्टात कारकून, बायकोला शिकवायचं वेड डोक्यात, त्यांनी एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिलं, ते मासिकात छापून आलं, आणि कार्पेंटरबाईंनी ते दाताच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघताना वाचलं. त्यातून पत्रव्यवहार, आणि १८८३ मध्ये अठरा वर्षांची मुलगी नवऱ्याशिवाय बोटीने अमेरिकेला. फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून ११ मार्च १८८६ ला एम.डी. झाली, समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या.

मुलांना सगळ्यात आधी तो फोटो दाखव, १० ऑक्टोबर १८८५ चा. तीन विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या पोशाखात, साडीतल्या आनंदीबाई, किमोनोतल्या जपानच्या केइको ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली. नावं सांगू नकोस लगेच. या कोण असतील, कुठून आल्या असतील, इथे थंडीत साडी कशी झेपत असेल हे त्यांनाच बोलू दे. तुझ्या वर्गातली मुलं तर असंही दोन कपड्यांत, दोन भाषांत राहतात, त्यांना वेगळं समजवायला लागणार नाही.

गोपाळराव मात्र देव म्हणून उभे करू नकोस. बायकोला शिकवण्यासाठी समाजाशी भांडणारा माणूस आणि अभ्यास केला नाही म्हणून तिच्यावर हात उचलणारा माणूस, हा एकच आहे. मोठ्या मुलांना हे सांगता येतं आणि सांगावं, सातवीच्या खालच्यांना राहू दे. आणि शेवट कसा सांगायचा हा प्रश्न येतोच, कारण परत आल्यावर कोल्हापूरच्या हॉस्पिटलात बायकांच्या वॉर्डाचं काम ठरलं होतं पण क्षयाने २६ फेब्रुवारी १८८७ ला गेल्या, बावीस पण पूर्ण नव्हती. तर मुलांना घेऊन न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सीला जा. कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत त्यांच्या अस्थी पुरल्यात, दगडावर नाव आहे. तुमच्याकडून गाडीने एका दिवसात जाऊन येण्यासारखं आहे ना ते? कल्याणच्या पोरीचं नाव हडसन नदीकाठच्या गावात कसं पोचलं हे मग त्यांनाच आईबाबांना सांगू दे, मराठीत.

प्रश्न: हिरकणीची गोष्ट सांगावी की नाही? आमच्या स्टाफरूममध्ये यावरून भांडण झालंय. एक सर म्हणतात पुरावा नाही, सांगू नका.

उत्तर: सांगा की! फक्त दंतकथा आहे असं म्हणून सांगा. रायगडावर तिच्या नावाचा बुरूज आहे, गोष्ट लोकांच्या तोंडी आहे, पण त्या काळचा कागद नाही, हे मुलांना सरळ सांगितलं तर गोष्ट काही कमी होत नाही. उलट विचारा, राजेरजवाड्यांच्या एवढ्या गोष्टी असताना लोकांनी एका गवळणीची गोष्ट एवढी का जपली असेल?

आणि लगेच जोडीला नाणेघाटातल्या नागनिकेचं सांगा, म्हणजे सरांचं पण समाधान. सातवाहन राणी, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची, तिथल्या लेण्यात ब्राह्मीतला मोठा लेख आहे, कोणते यज्ञ केले, किती गायी, घोडे, हत्ती, नाणी दान दिली ते सगळं आकड्यांसकट कोरलेलं. राजघराण्यातल्या लोकांच्या मूर्ती पण होत्या, आता नुसते पायांचे अवशेष उरलेत आणि वर नावं, त्यात नागनिकेचं नाव सातकर्णीबरोबर आहे. सहली जातात तिथे, पोरं नानाचा अंगठा म्हणतात त्या सुळक्यापाशी सेल्फी काढतात, जकातीच्या रांजणात डोकावतात आणि लेण्यात शाळेचे डबे उघडून बसतात. डोक्यामागच्या भिंतीवर महाराष्ट्रातल्या एका बाईचं सगळ्यात जुन्यांपैकी एक नाव आहे हे कुणी सांगतच नाही. डबा खाऊ दे, पण आधी भिंत बघू दे. एक कागद आहे म्हणजे काय आणि नाही म्हणजे काय, हे या दोघींमधून जितकं कळतं तितकं पुस्तकातल्या 'इतिहासाची साधने' धड्यातून कळत नाही. माझं तरी हेच मत आहे.

प्रश्न: नमस्कार बाई, मी नववीत आहे (मुलगा). आम्हाला 'महाराष्ट्रातील थोर महिला' प्रोजेक्ट दिलाय. वर्गात १८ जणांनी सावित्रीबाई घेतलीय. मला वेगळी पाहिजे. सायन्सवाली असेल तर बरं.

उत्तर: वा रे पठ्ठ्या. कमला सोहोनी घे, माहेरच्या भागवत. मुंबईतून बी.एस्सी. झाल्या, वरचा नंबर, आणि १९३३ मध्ये बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये अर्ज केला. तिथे प्रमुख कोण, तर नोबेलवाले सी. व्ही. रामन. ते म्हणाले बायकांना घेत नाही. या सरळ जाऊन भांडल्या. मग एक वर्ष चाचणीवर, अटी घालून घेतलं, आणि वर्षभराचं काम बघून रामन यांचं मत बदललं, पुढे मुलींना प्रवेश मिळायला लागला. नंतर केंब्रिज, वनस्पतींमधल्या सायटोक्रोम सी या प्रथिनावर काम, १९३९ मध्ये पीएच.डी. परत आल्यावर इथल्या गरिबांच्या खाण्यावर संशोधन, नीरेतली पोषणद्रव्यं त्यांनी तपासली.

प्रोजेक्टमध्ये एक तक्ता काढ, त्याच वर्षी त्या कॉलेजात मुलग्यांना काय अटी होत्या आणि कमलाबाईंना काय. एक रकाना रिकामाच राहील, तो तसाच ठेव. आणि शेवटच्या पानावर त्यांच्या बहिणीचा फोटो लाव, दुर्गा भागवत. त्याच, १९७५ मध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष होत्या आणि आणीबाणीत, सरकारी मंडळी समोर असताना आणीबाणीविरुद्ध बोलल्या. दोन बहिणी, दोघी भांडखोर. नेटवरून प्रिंट काढून चिकटवू नकोस मात्र, तुझ्या सरांनाही तीच वेबसाइट माहीत असते.